दवाखान्यात भरती असलेल्याचं मत कसं होणार? (आरमोरी मतदारसंघ)

वडसा_लाइन

नमस्कार मंडळी. निवडणूक लागली की मतदानाच्या आदल्या रात्री गावात हा प्रश्न निघतो, अन् तेव्हा उत्तर मिळून काही उपयोग नसतो. म्हणून आत्ताच विचारून ठेवतो. सगळ्यांची नावं गावच्याच यादीत आहेत.

एक आजोबा, वय ८६, खुब्याचं हाड मोडलं, नागपूरला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात भरती. एका काकांचं डायलिसिस गडचिरोलीला, सोम-बुध-शुक्र. एक पोरगा सिकलसेलचा, एसएस पॅटर्न (म्हणजे नुसता वाहक नाही, आजारच), अधूनमधून भरती असतोच. अन् एका ताईचे दिवस भरत आलेत, त्या आरोग्य केंद्राच्या माहेरघरात (बाळंतपणाआधी राहायच्या खोलीत) राहायला जातील.

दवाखान्यात मतदानाची टीम येते का? टपालानं पाठवता येतं का? घरच्यानं त्यांच्या नावानं दिलं तर? आणि हाताला सलाईन असलं तर शाई कुठं लावतात? कृपया ज्यांना नियम माहीत आहेत त्यांनीच सांगा, व्हॉट्सॲपवरचं नको.

---

टपालपेटी

नको असलेलं उत्तर आधी देतो. ‘दवाखान्यात भरती आहे’ एवढ्या कारणावर टपाली मत मिळत नाही. निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये जे ‘गैरहजर मतदार’ धरलेत त्यात चार गट आहेत: ८५ वर्षांवरचे, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असलेले, कोविडचे बाधित वा संशयित, आणि आयोगानं त्या निवडणुकीपुरत्या जाहीर केलेल्या अत्यावश्यक सेवेतले कर्मचारी. मोडलेलं हाड, टीबी, कॅन्सर, डायलिसिस, बाळंतपण यातलं काहीच त्यात नाही. कोविड आहे आणि कॅन्सर नाही, हे विचित्र आहे खरं, पण आज नियम असाच आहे.

घरच्यानं दुसऱ्याच्या नावानं मत देणं तर विसराच. बदली मतदार नेमायची मुभा सैन्यदलांसारख्या ठरावीक सेवेतल्यांनाच आहे. पेशंट बेशुद्ध असेल, लकव्यानं बोलता येत नसेल, तरी मुलगा त्याच्या वतीनं बटण दाबायला एकटा जाऊ शकत नाही.

त्यामुळे वाटा दोनच: फॉर्म १२-डी भरून घरून मत, किंवा काही तासांसाठी गावच्या बूथवर जाणं. या दोन वाटा एकाच वेळी उघड्या राहत नाहीत, आणि लोक फसतात ते नेमके इथेच.

१२-डी ची मुदत अधिसूचनेनंतर पाच दिवस. आचारसंहिता लागली तो दिवस वेगळा, अधिसूचनेचा दिवस वेगळा. २०२४ च्या विधानसभेला घोषणा १५ ऑक्टोबरला झाली, अधिसूचना २२ ला, म्हणजे फॉर्म २७ ऑक्टोबरपर्यंत. मतदान २० नोव्हेंबरला. बघा, मतदानाच्या तीन आठवडे आधीच दार बंद. त्याच वर्षीच्या लोकसभेला आपल्याकडे पहिल्या टप्प्याची अधिसूचना २० मार्चला होती, मुदत संपली २५ ला, ऐन धुळवडीच्या दिवशी. सणात कोण तहसीलला जातो?

फॉर्म बीएलओ, म्हणजे बूथच्या यादीचं काम बघणारा कर्मचारी, घरी आणून देतो (अंगणवाडी सेविका, शिक्षक, कोतवाल, ज्याच्याकडे काम असेल तो) आणि भरलेला घेऊनही जातो. सही नाहीतर अंगठा मतदाराचाच. दिव्यांग गटातून भरत असाल तर दाखल्याची प्रत जोडा. ८५ चं वय मतदार यादीतलं धरतात. आधारवर ८७ आणि यादीत ८३ असं आपल्या भागात सर्रास असतं. यादीत चूक असेल तर फॉर्म ८ नं दुरुस्ती करावी लागते, आणि ती निवडणूक लागण्याच्या बरीच आधी. शेवटच्या आठवड्यात अर्ज टाकला तर तो मार्गी लागेलच असं नाही.

आता खरी अडचण. १२-डी मंजूर झाला की यादीत तुमच्या नावापुढे ‘पीबी’ असा शेरा पडतो. त्यानंतर बूथवर मत देता येत नाही, कुणीही कितीही भांडलं तरी. टीम ठरलेल्या दिवशी घरी येते. माणूस भेटला नाही तर दुसऱ्यांदा येते. तिसरी फेरी नाही. आजोबांचा फॉर्म भरला, टीम गावी आली, आणि आजोबा मेडिकलच्या ऑर्थो वॉर्डात, तर मत गेलं. टीम आपल्या मतदारसंघात फिरते, आरमोरीची टीम नागपूरला येणार नाही.

म्हणून खुब्याच्या पेशंटसाठी फॉर्म भरायच्या आधी डॉक्टरला एकच प्रश्न विचारा: सुट्टी कधी? टीमच्या फेऱ्या मतदानाच्या थोड्या दिवस आधी होतात आणि आदल्या दिवसापर्यंत संपतात. तोवर माणूस गावी असेल तर १२-डी उत्तम. खाटेवर पडून मत होईल. नागपूरलाच राहणार असेल तर फॉर्मनं काही साधत नाही, उलट अचानक लवकर सुट्टी मिळाली तर बूथही बंद झालेला असतो. ऑपरेशन होऊन गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयात हलवलं असेल, म्हणजे मतदारसंघातच, तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन तिथे टीम मागता येते. हक्क म्हणून नाही, विनंती म्हणून. फॉर्मवर चालू मोबाइल नंबर द्या, फेरीचा दिवस त्यावरच कळतो.

---

वॉर्ड_सात

वरचं कायद्याचं झालं. दवाखान्याच्या बाजूनं काय करायचं ते लिहिते.

डॉक्टरांना मतदानाच्या दिवशी सकाळी राउंडला विचारू नका, निदान चार-पाच दिवस आधी सांगा. ज्या पेशंटची तब्येत स्थिर आहे त्याची सुट्टी एखाद दिवस अलीकडे आणता येते, किंवा काही ठिकाणी केसपेपरवर नोंद करून काही तासांसाठी सोडतात. न सांगता निघून जाणं किंवा ‘डामा’वर सही करून जाणं, हे दोन्ही टाळा. डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घेतलेली सुट्टी. परत आल्यावर नव्यानं भरती व्हावं लागतं, खाट गेलेली असते. महात्मा फुले योजनेतून उपचार चालू असतील तर निघायच्या आधी आरोग्यमित्राला भेटा, योजनेची मंजुरी त्या भरतीला जोडलेली असते.

आयसीयूतला, ऑक्सिजनवरचा, छातीत दुखून आलेला, ताजं ऑपरेशन झालेला, रक्त चढत असलेला पेशंट हलवायचा नाही. यावर चर्चा नको.

डायलिसिस: २०२४ मध्ये लोकसभेचे विदर्भातले दोन्ही दिवस, १९ आणि २६ एप्रिल, शुक्रवार होते, आणि विधानसभेचा बुधवार. म्हणजे सोम-बुध-शुक्रवाल्यांचा तिन्ही वेळा घोळ. उपाय म्हणून डायलिसिस चुकवू नका. आधीच शुक्रवार ते सोमवार हे अंतर त्यांना जड जातं, पोटॅशियम आणि पाणी दोन्ही वाढतं. त्यापेक्षा तंत्रज्ञाला आठवडाभर आधी सांगून त्या दिवसाची पाळी दुपारची करून घ्या, किंवा मंगळ-गुरु-शनिवाल्या एखाद्या पेशंटबरोबर अदलाबदल होते का ते केंद्राला विचारा. शिफ्ट बदलली तर मत आधी, मशीन नंतर. चार तास मशीनवर झाल्यावर बीपी उतरतं, पाय लटपटतात. त्या अवस्थेत रांगेत उभं करणं म्हणजे पडायला बोलावणं. फिस्टुलाच्या (डायलिसिसच्या सुईसाठी शिरेचं ऑपरेशन केलेल्या) हातानं सामान उचलायचं नाही, घट्ट बांगडी किंवा दोरा नाही.

सिकलसेल: या मुलाचं टपाली मतात बसू शकतं, आणि हे विदर्भात फार कमी लोकांना माहीत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल हा दिव्यांगत्वाचा प्रकार म्हणून धरलाय. एसएस असेल आणि दाखला देणाऱ्या मेडिकल बोर्डानं ४० टक्के किंवा जास्त दिलं तर १२-डी भरता येतो. एएस म्हणजे वाहक, त्याला दाखला मिळत नाही. अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) संकेतस्थळावर, तपासणी जिल्हा रुग्णालयात. एचपीएलसी या रक्ततपासणीचा रिपोर्ट, भरतीचे जुने डिस्चार्ज कार्ड, रक्त चढवल्याच्या नोंदी, सगळं एकत्र घेऊन जा. कागद जितके जास्त, तितकी टक्केवारी खरी लागते. नुसतं सिकलसेलचं कार्ड दाखवून भागत नाही. निवडणूक लागल्यावर धावलात तर पाच दिवसांत हे होणं नाही, म्हणून आत्ता करा. बूथवर न्यायचा झाला तर पाण्याची बाटली सोबत. एप्रिलच्या उन्हात पाणी कमी पडलं किंवा नोव्हेंबरच्या सकाळी गारठा लागला की दुखणं उसळतं.

माहेरघर: तिथे भरती नसते, फक्त मुक्काम असतो. त्यामुळे गाव जवळ असेल आणि नर्सताईंनी तपासून हो म्हटलं तर जाऊन येता येतं. गर्भवतीला रांगेत थांबवत नाहीत, पोलीस किंवा केंद्रावरच्या स्वयंसेवकाला सांगा. मात्र १०२ किंवा १०८ ची गाडी मतदानासाठी मागू नका. त्या वेळी तालुक्यात दुसरीकडे कळा सुरू झाल्या तर गाडी कुठून आणायची? कळा सुरू झाल्या असतील किंवा पाणी गेलं असेल तर मत राहू द्या.

सलाईन: शाई डाव्या तर्जनीला लावतात. आदल्या दिवशीच सिस्टरला सांगा, सुई उजव्या हाताला लावा म्हणून. निघताना सलाईनची नळी काढून सुईला टोपण लावतात, वर पट्टी. डाव्या हाताला प्लास्टर असेल तर बोटं बहुतेक मोकळीच असतात, नखाचा भाग दिसला की झालं. बोटाला मलम, तेल, व्हॅसलीन लावून जाऊ नका. शाई टिकत नाही आणि ती पुसायचा प्रयत्न केला असं वाटलं तर मत देऊ देत नाहीत. लघवीची पिशवी असेल तर निघायच्या आधी रिकामी करा आणि कमरेच्या खाली राहील अशी बांधा.

---

वऱ्हाडी_गाडा

गाडीचं मी सांगतो राजेहो. उमेदवाराच्या गाडीत पेशंटले बसवू नोका. कार्यकर्ता म्हनते ‘बसा काका, आपलीच गाडी आहे’, पन उमेदवाराच्या माणसानं मतदार फुकट आनले-नेले तं कायद्यात तो भ्रष्ट आचार धरते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम १२३ (५) पाहा. घरची गाडी असंन, सोयऱ्याची असंन तं वांधा नाई. भाड्यानं केली तं पैसे घरच्यानंच द्या. यष्टीनं गेलं तं प्रश्नच मिटला.

घरची गाडी बी बूथापासून २०० मीटर बाहेर थांबते. आजारी अन् अपंग माणसाच्या सोताच्या गाडीले सूट असते, पन गेटवरच्या पोलिसाले शांततेत सांगा लागते. डिस्चार्ज कार्डाची झेराक्स खिशात ठेवा, बोलाचालीत वेळ जात नाई.

खुर्चीचं आदल्या दिवशी पाहा. जिल्हा परिषदेच्या शाळेत रॅम्प असते, पन कुठं रॅम्पवर टेबल ठेवलं असते, कुठं व्हरांड्याले एक पायरी उरतेच. पोलिंग पार्टी आदल्या दिवशी सांजच्यापरी येते, तवाच बीएलओले दाखवून द्या. व्हीलचेअर ‘सक्षम’ ॲपवरून मागता येते, नाईतं १९५० वर फोन करा. ॲप दिव्यांगासाठी आहे हे ध्यानात ठेवजा.

आरमोरीवाल्याइनं वेळ पक्की इचारा. २०२४ ले आरमोरी, गडचिरोली, अहेरीत ७ ते ३ च होतं, बाजूच्या ब्रह्मपुरीत ६ वाजेपर्यंत. नागपूरहून निघालेला माणूस ‘सहापर्यंत पोहोचतो’ म्हनून निवांत चहा पेत बसला तं कामच झालं.

---

टपालपेटी

वेळेचा मुद्दा बरोबर. नियम एवढा आहे की संपायच्या वेळेला जो रांगेत उभा आहे त्याला चिठ्ठी देऊन आत घेतात. ३ ला एक मिनिट उशीर झाला तर नाही.

सोबत्याबद्दल लोकांचा गैरसमज आहे म्हणून लिहितो. आजारी माणसाबरोबर कुणीही मतदान कक्षात जाऊ शकतं असं नाही. नियम ४९-एन नुसार डोळ्यांनी चिन्ह दिसत नसेल किंवा बटण दाबायची ताकद नसेल तरच सोबती आत जातो. सोबती १८ वर्षांचा हवा, त्या दिवशी तो एकाचाच सोबती होऊ शकतो, आणि गुप्तता पाळीन असं लेखी द्यावं लागतं. नुसता चालता येत नाही, हात-डोळे ठीक आहेत, तर सोबत्यानं खुर्ची कक्षापर्यंत ढकलायची आणि मागे थांबायचं. मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते. चष्मा दवाखान्यातल्या उशीखाली राहिला असेल तर त्या सात सेकंदांचा काही उपयोग नाही.

ओळखपत्र: केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, बीएलओनं दिलेली मतदार चिठ्ठी, यातलं काही ओळख म्हणून चालत नाही. मतदार कार्ड नसेल तर आधार, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, पॅन, वाहन परवाना, फोटोचे पेन्शन कागद, यूडीआयडी कार्ड यापैकी एक मूळ प्रत. भरती करताना आधार घेऊन गेलेले असतात आणि ते नागपूरच्या पिशवीत राहतं. हे दर निवडणुकीला घडतं.

महिनोन्‌महिने भरती असलेल्यांनी एक तपासा. बीएलओ घरी आला, माणूस दिसला नाही, शेजाऱ्यानं ‘नागपूरला असतात’ सांगितलं, तर नाव ‘गैरहजर-स्थलांतरित-मृत’ यादीत जाऊ शकतं. यामुळे मत जात नाही. बूथवर ओळख जास्त काटेकोर तपासतात, सहीबरोबर अंगठाही घेतात. घाबरून परत फिरू नका. तात्पुरतं बाहेर राहिल्यानं माणूस गावचा रहिवासी असणं संपत नाही, हे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच आहे. आणि कुणी आधीच पेशंटच्या नावानं मत टाकून गेला असेल तर केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागा. ते मशीनवर नसतं, मतपत्रिकेवर असतं, पण नोंद राहते.

घरून मत देणाऱ्यांसाठी पाकिटाचं. मतपत्रिका लहान पाकिटात, पाकीट चिकटवायचं. घोषणापत्र लहान पाकिटाच्या बाहेर ठेवायचं आणि दोन्ही मिळून मोठ्या पाकिटात. मोजणीला आधी मोठं पाकीट उघडून घोषणापत्र बघतात. ते सापडलं नाही, सही नसली, अधिकाऱ्यानं साक्षांकित केलेलं नसलं, किंवा त्यावरचा मतपत्रिकेचा क्रमांक लहान पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळला नाही, तर लहान पाकीट न उघडताच मत बाद. म्हाताऱ्या माणसाकडून घोषणापत्र मतपत्रिकेबरोबरच आत सरकवलं जातं. टीम समोर असते, तेव्हाच ‘साहेब, एकदा बघा’ म्हणा. मतपत्रिकेवर खूण एकाच उमेदवारापुढे, सही किंवा नाव कुठेही नाही. टीमचा व्हिडिओ चालू असतो, पण खूण करताना कॅमेरा त्यावर नको, आणि पक्षाचा प्रतिनिधी आला असेल तर तोही लांब. खाटेभोवती सुना-नातवंडं जमून ‘आबा, तिथं नाही, खाली’ सुरू करतात, त्यांनाही बाहेर काढायला टीमला सांगता येतं.

---

वडसा_लाइन

खूप आभार. म्हणजे आजोबांचं सुट्टीच्या तारखेवर, काकांचं सकाळी सातला बूथ आणि दुपारी मशीन, पोराचा दाखला आत्तापासून, ताईंचं नर्सताईंना विचारून. आणखी तीन गोष्टी: पेशंटजवळ राहणाऱ्या नातेवाइकाचं काय? मनोरुग्णालयात भरती असलेल्याला मत असतं का? आणि जिल्हा परिषद, ग्रामपंचायतीला पण हेच?

---

टपालपेटी

नातेवाइकाला वेगळी सोय काहीच नाही. त्याचं नाव गावी तर मत गावी. दोघं असाल तर आलटून पालटून जा. रोजंदारीवर किंवा खाजगी नोकरीत असाल तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-बी प्रमाणे मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी मिळते. दवाखान्याचे वॉर्डबॉय आणि सिस्टर मात्र, ज्यांच्या नसण्यानं धोका होईल अशा कामात मोडतात, त्यांना सुट्टी मिळेलच असं नाही. आरोग्य विभाग त्या निवडणुकीच्या अत्यावश्यक यादीत असेल तर त्यांनीही १२-डी भरायचा, विभागाच्या नोडल अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून, त्याच पाच दिवसांत. त्यांचं मत घरी होत नाही. टपाली मतदान केंद्र सलग तीन दिवस, ९ ते ५ उघडं असतं, तिथे जावं लागतं. ज्यांना निवडणुकीचीच ड्युटी लागली आहे त्यांचा फॉर्म १२, तो वेगळा.

मनोरुग्ण: सक्षम न्यायालयानं मनोविकल ठरवलं असेल तरच नाव यादीतून जातं. नुसती भरती किंवा गोळ्या चालू असण्यानं हक्क जात नाही. पण मनोरुग्णालयाचा पत्ता त्याचा राहण्याचा पत्ता धरत नाहीत, मत घरच्याच यादीत. बरं वाटून सुट्टीवर आलेल्या माणसाला बूथवर कुणी ‘हा येडा आहे’ म्हणून हटकलं तर केंद्राध्यक्षानं यादीत नाव आणि ओळख एवढंच बघायचं असतं.

स्थानिक निवडणुका: त्या राज्य निवडणूक आयोग घेतो, नियम वेगळे. वर १२-डी आणि घरून मताचं जे लिहिलं ते लोकसभा आणि विधानसभेचं आहे, जिल्हा परिषद, पंचायत समिती किंवा ग्रामपंचायतीला ते धरून बसू नका. तिथे बूथचीच तयारी ठेवा. मतदार कार्ड आणि सुट्टीचं आधी बघा, आणि यादीत वॉर्ड कोणता पडलाय तेही. प्रभाग बदलले की एकाच घरातली नावं दोन शाळांत जातात, आणि आजारी माणसाला घेऊन चुकीच्या शाळेत पोहोचलात तर खुर्ची परत गाडीत चढवावी लागते.

---

वॉर्ड_सात

एक राहिलं होतं. उपाशीपोटी नेऊ नका. शुगरच्या पेशंटनं इन्सुलिन घेऊन नाश्ता न करता रांगेत उभं राहू नये. सोबत गुळाचा खडा किंवा बिस्किटं ठेवा, आणि दुपारच्या गोळ्या मोबाइलच्या पिशवीत नको. मोबाइल बूथच्या बाहेर ठेवावा लागतो, मग गोळ्याही बाहेरच राहतात.